चॅपल हिलचा क्रीडाचार्य

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. खेळाच्या मैदानालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात कायदा, शिक्षण, रूढी व मनुष्यस्वभाव ही सारी एकमेकांत गुंतलेली असतात, याची जाणीव मला फार उशिरा झाली. ती झाली कोलकात्यास बदली होऊन आल्यानंतर. या शहरात फुटबॉलची चर्चा टाळून कचेरीत एक दिवस काढणेही कठीण. माझ्या शेजारच्या टेबलावरील बंगाली सहकाऱ्याने एकदा एका अमेरिकन प्रशिक्षकाविषयीचा मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि हसून म्हटले, "हा तर तुमच्या मुंबईचा निघाला!" मी पाहिले तो खरेच, चरित्राच्या पहिल्याच ओळीत लिहिले होते : जन्म, मुंबई, ९ एप्रिल १९५१.

त्या गृहस्थांचे नाव ॲन्सन डॉरन्स. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचे ते १९७९ पासून २०२४ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. तिकडे 'फुटबॉल' हे नाव दुसऱ्याच एका खेळास दिलेले असल्यामुळे आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. या एका माणसाच्या हाताखाली त्या विद्यापीठाच्या मुलींनी बावीस वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. मुंबईशी त्यांचा संबंध जन्मापुरताच. तेवढ्यावरून त्यांना आपले म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. परंतु आपल्यासारख्या, तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या लोकांना त्यांच्या आयुष्यात ओळखीचे वाटावे असे पुष्कळ आहे. शिवाय त्यांच्या चरित्राने एक प्रश्न माझ्यापुढे उभा केला. असे अपूर्व यश एका माणसाचे असते, की त्याच्या काळाचे? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

डॉरन्स यांचे वडील तेलाच्या व्यवसायातील अधिकारी. त्यांची नोकरी फिरतीची, आणि फिरती तरी केवढी! भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असे देश करीत कुटुंब हिंडत राहिले. मुलाचे शालेय शिक्षण पुरे झाले ते स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग गावी, १९६९ साली. ज्या देशाचा तो नागरिक, त्या देशात त्याचे बालपण जवळजवळ गेलेच नाही. नवी शाळा, नवे सोबती, नवी भाषा, आणि दरवेळी पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी परक्यासारखे उभे राहणे, हे दुःख आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. अशा मुलाला चेंडू फार लवकर मित्र मिळवून देतो, कारण मैदानावर भाषा आडवी येत नाही. फुटबॉल तर त्या साऱ्या देशांत खेळला जात होता.

अमेरिकेत आल्यावर टेक्सासमधील एका महाविद्यालयात एक सत्र काढून ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ चॅपल हिल या लहानशा गावात १७९५ पासून चालू आहे. तेथे ते विद्यापीठाच्या संघातून खेळले आणि इंग्रजी व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन १९७४ साली पदवीधर झाले. पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास आरंभिला. तो चालू असतानाच त्यांचे जुने गुरू मार्व्हिन ॲलन निवृत्त झाले आणि आपल्या जागी त्यांनी या शिष्याची शिफारस केली. १९७७ साली पुरुष संघाचे प्रशिक्षकपद डॉरन्स यांच्याकडे आले. कायद्याची पदवी राहून गेली ती कायमची. पण कायद्याने त्यांचे आयुष्य मात्र वेगळ्याच वाटेने घडविले.

ती वाट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या शिक्षणविषयक कायद्यात एक नवे कलम आले. त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत अवघे सदतीस शब्दांचे आहे. त्याचा आशय असा : सरकारी साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात केवळ स्त्री वा पुरुष असल्याच्या कारणाने कोणाला वगळता येणार नाही, लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, की भेदभावाने वागविता येणार नाही. या वाक्यात खेळाचा शब्दही नाही. तथापि महाविद्यालयीन क्रीडा हाही शैक्षणिक उपक्रमच असल्यामुळे, मुलांच्या संघावर खर्च होतो तर मुलींच्या संघावर का नाही, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या वाक्याने मुलींच्या हाती दिला. ज्यांचा जन्म नियमांच्या पुस्तकांत जातो अशा आपल्यासारख्यांना हे सांगायला नकोच, की एखादे कोरडे वाक्य कित्येक वर्षे फायलीत निजून राहते आणि कोणीतरी अर्ज केला म्हणजे जागे होते.

चॅपल हिल येथे तो अर्ज मुलींनीच केला. तेथे मुलींचा एक हौशी फुटबॉल संघ होता. आम्हांला विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी त्याने केली. क्रीडाविभागाच्या प्रमुखांनी तरुण डॉरन्स यांना त्या मुलींचा खेळ पाहून अभिप्राय देण्यास सांगितले. अभिप्राय अनुकूल आला, आणि मग या नव्या संघाची जबाबदारीही अभिप्राय देणाऱ्याच्याच गळ्यात पडली. कचेरीचा न्याय सर्वत्र सारखाच म्हणायचा! हे साल १९७९. म्हणजे ज्याच्या नावाने पुढे हा इतिहास ओळखला गेला, त्याने त्याचा आरंभ केला नव्हता. आरंभ केला तो त्या मुलींनी.

त्या काळी महिला संघ असलेली महाविद्यालयेच इतकी थोडी होती, की सामन्यांसाठी हौशी क्लबांचे संघही बोलवावे लागत. महिलांच्या महाविद्यालयीन खेळाचा कारभार तेव्हा एका स्वतंत्र संघटनेकडे होता. तिने १९८१ साली भरविलेले फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद नॉर्थ कॅरोलायनाने जिंकले. दुसऱ्याच वर्षी पुरुषांच्या क्रीडेचे नियंत्रण करणाऱ्या बलाढ्य राष्ट्रीय संघटनेने महिलांची स्पर्धा सुरू केली, आणि तीही याच संघाने जिंकली. १९८३ आणि १९८४ साली पुन्हा तेच. १९८५ च्या अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाने त्यांना दोन गोलांनी हरविले. मग १९८६ पासून १९९४ पर्यंत, एकही वर्ष न चुकता, लागोपाठ नऊ अजिंक्यपदे! त्यातील पहिल्या चार वर्षांत तर हा संघ शंभराहून अधिक सामने एकदाही हरला नाही. १९९० च्या सप्टेंबरात कनेक्टिकट विद्यापीठाने ही मालिका जादा वेळेत ३-२ अशी मोडली. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात तोच कनेक्टिकटचा संघ पुन्हा समोर आला, तेव्हा चॅपल हिलच्या मुलींनी त्याच्यावर सहा गोल चढविले आणि एकही होऊ दिला नाही.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. महाविद्यालयीन खेळाडू साधारण चार हंगाम खेळते आणि पदवी घेऊन निघून जाते. म्हणजे नऊ वर्षे जिंकणारा संघ हा एकच संघ नव्हे. मुली बदलत गेल्या, जिंकणे बदलले नाही. एखादी असामान्य खेळाडू मिळाली म्हणून एखादे वर्ष जिंकता येईल. नऊ वर्षे जिंकायला काहीतरी पद्धत असावी लागते.

ती पद्धत कशी जन्मली याची एक गोष्ट आहे. १९८३ साली एप्रिल हाइनरिक्स नावाची मुलगी संघात आली. सरावातही ती जीव खाऊन खेळे. मैत्रीण समोर आहे म्हणून पाय आखडता घेणे तिला ठाऊक नव्हते. इतर मुलींना ते रुचेना. तिला जरा आवरा, अशी तक्रार प्रशिक्षकाकडे गेली. चांगल्या मुलीने मिळून मिसळून वागावे, पुढे पुढे करू नये, ही शिकवण काही केवळ आपल्याच घरांत दिली जाते असे नाही. डॉरन्स यांनी विचार केला आणि निर्णय उलटा घेतला. हिला आवरायचे नाही. बाकीच्यांना हिच्यासारखे करायचे. सरावात मैत्रिणीशी अटीतटीने झुंजणे म्हणजे मैत्रीचा द्रोह नव्हे, हे मुलींच्या मनावर ठसविणे हेच आपले खरे काम, असे त्यांनी ठरविले. हाइनरिक्सने चार हंगामांत सत्याऐंशी गोल केले आणि पुढे ती देशाच्या संघाची कर्णधार झाली.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. त्याच विद्यापीठात डीन स्मिथ हे बास्केटबॉलचे नामांकित प्रशिक्षक होते. त्यांच्या सरावात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची नोंद होत असे. डॉरन्स यांनी ती रीत उचलली आणि फुटबॉलच्या सरावात आणली. एकास एक झुंज, धावण्याची शर्यत, गोलावर मारलेले फटके, उंच आलेल्या चेंडूसाठी घेतलेली झेप, सारे मोजायचे, लिहायचे, आणि कोण कितवी हे सर्वांना दिसेल असे फलकावर लावायचे. या रीतीला त्यांनी स्पर्धेची कढई अशा अर्थाचे नाव दिले. यामुळे प्रशिक्षकाची मर्जी कोणावर आहे हा प्रश्नच उरला नाही. ज्याचा त्याला आरसा रोज दिसू लागला. आम्हां कारकुनांच्या धंद्याला लोक नावे ठेवतात. पण प्रामाणिकपणे ठेवलेली नोंदवही काय करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

मात्र नुसत्या नोंदवहीने माणसे घडत नाहीत. एका थंडीच्या सकाळी डॉरन्स मोटारीने कामावर चालले असता त्यांना मैदानावर एक मुलगी एकटीच धावताना दिसली. थांबायची, वाकून श्वास घ्यायची आणि पुन्हा धाव घ्यायची. ती मिया हॅम होती. पुढे जिने आपल्या देशासाठी १५८ गोल केले ती. त्यांनी गाडी थांबविली नाही, हाक मारली नाही. नंतर तिला चार ओळींची चिठ्ठी पाठविली. कोणीही पाहत नसताना जी घाम गाळते तीच विजेती, असा तिचा भाव होता. साहित्य आणि तत्त्वज्ञान शिकलेला हा माणूस होता. संघाने पाळावयाची तत्त्वे त्यांनी ठरवून दिली होती आणि प्रत्येक तत्त्वासोबत थोरांचा एक उतारा मुलींना पाठ करावा लागे. पहिले तत्त्व होते, रडगाणे गायचे नाही. मुलींनी एकमेकींना या तत्त्वांवरून गुणही द्यायचे. मुलांना दटावून चालते, मुलींचे मन मात्र विश्वासाने जिंकावे लागते, पण एकदा जिंकले की त्यांच्याइतके कोणी झुंजत नाही, असा त्यांचा अनुभव. मैदानावरील त्यांची व्यूहरचनाही या स्वभावाला साजेशी होती. आघाडीला तीन खेळाडू ठेवायचे आणि प्रतिपक्षाला त्याच्याच अर्ध्या भागात गाठून चेंडू हिसकावायचा. थांबून वाट पाहणे नाही.

१९८६ साली देशाच्या महिला संघाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. तेव्हा हा संघ जेमतेम एका वर्षाचा होता. १९८५ साली इटलीत तो पहिल्यांदा खेळला, तेव्हा पुरुषांचे गणवेश कापून-शिवून मुलींना दिले होते, आणि चारांपैकी एकही सामना जिंकता आला नव्हता. सुरुवातीच्या त्या वर्षांत खेळाडूंना भत्ता मिळे दिवसाला दहा डॉलर. प्रवासभत्त्याची बिले भरणाऱ्या वाचकांना या आकड्याचे मर्म सांगावयास नको. १९८८ पर्यंत तर विद्यापीठाचा पुरुष संघ, महिला संघ आणि राष्ट्रीय महिला संघ असे तीनही संघ डॉरन्स एकटे सांभाळीत होते. १९८७ साली त्यांनी पंधरा वर्षांच्या मिया हॅमला देशाच्या संघातून खेळविले. चार वर्षांनी त्या विश्वासाचे फळ दिसले.

१९९१ च्या नोव्हेंबरात महिलांची पहिली जागतिक स्पर्धा चीनमध्ये भरली. तिच्या पात्रता-फेरीतच, हैती येथे, अमेरिकेच्या मुलींनी पाच सामन्यांत एकोणपन्नास गोल केले होते आणि एकही स्वीकारला नव्हता. चीनमध्ये स्वीडनशी झालेला पहिला सामना ३-२ असा कसाबसा जिंकला. मग ब्राझील, जपान, तैवान यांना मागे टाकीत उपान्त्य सामन्यात जर्मनीचा ५-२ असा पराभव केला. हाइनरिक्स, मिशेल एकर्स आणि कॅरिन जेनिंग्ज ही आघाडीची त्रयी त्या स्पर्धेत कोणालाच आवरेना. ३० नोव्हेंबर रोजी ग्वांगजो शहरात साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर नॉर्वेशी अंतिम सामना झाला. महिलांना पूर्ण नव्वद मिनिटे झेपणार नाहीत या समजुतीने सामने ऐंशी मिनिटांचेच ठेवले होते. एक-एक अशी बरोबरी असताना अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एकर्सने चेंडू अडवून, गोलरक्षिकेला बगल देऊन, मोकळ्या जाळ्यात ढकलला. ती पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून मायदेशी परतली तेव्हा विमानतळावर स्वागताला फारसे कोणी नव्हते. डॉरन्स यांनी १९९४ साली राष्ट्रीय संघ सोडला आणि ते पुन्हा पूर्णपणे चॅपल हिलचे झाले.

येथवर सारे उजळ आहे. परंतु इतिहास लिहिणाराने पुढचे पान फाडून टाकू नये. १९९८ साली त्यांच्या संघातील दोन माजी खेळाडूंनी त्यांच्यावर लैंगिक छळाचा दावा दाखल केला. मुलींच्या खाजगी संबंधांविषयी प्रशिक्षक नको ते प्रश्न विचारतात व अश्लाघ्य बोलतात, असे त्यांचे म्हणणे होते. डॉरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एक दावा २००४ साली तडजोडीने मिटला. दुसऱ्याविषयी २००७ साली अपील न्यायालयाने, हे प्रकरण ज्युरीपुढे चालण्याजोगे आहे, असा निर्णय दिला. २००८ च्या आरंभी त्यातही तडजोड झाली. विद्यापीठाने तीन लाख पंच्याऐंशी हजार डॉलर दिले आणि डॉरन्स यांनी माफीचे पत्र दिले. अशा प्रकारच्या थट्टामस्करीत आपण भाग घेतला हे अनुचित होते, अशी कबुली त्यात होती. खटला चालून दोष सिद्ध झाला असे नाही. तो निराधार ठरला असेही नाही. पुष्कळ माजी खेळाडू त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या हेही खरे. मला त्यातून एवढेच दिसते, की मुलींचा विश्वास संपादन करण्याच्या ज्या हातोटीवर त्यांचे यश उभे होते, तिलाच मर्यादेची कड होती, आणि ती कड त्यांनी ओळखली नाही. ज्याच्या हाती संघातील जागा असते त्याच्या थट्टेला अठरा वर्षांची मुलगी हसते, तेव्हा ते हसणे संमतीचे असतेच असे नाही. आपल्या कचेऱ्यांनीही हे ध्यानी धरण्याजोगे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यश माणसाचे की काळाचे? आकडे पुढे मांडून पाहावे. १९८२ पासून २००० पर्यंतच्या एकोणीस हंगामांत राष्ट्रीय संघटनेची सोळा अजिंक्यपदे या संघाने जिंकली. २००१ पासून २०२३ पर्यंतच्या तेवीस हंगामांत पाच : २००३, २००६, २००८, २००९ आणि २०१२. माणूस तोच, गाव तेच, नोंदवही तीच. मग फरक कशाने पडला? पहिल्या काळात दार नुकतेच उघडले होते आणि धावत आत शिरणारे थोडे होते. पुढे त्या सदतीस शब्दांनी देशभर आपले काम केले. शेकडो महाविद्यालयांनी महिला संघ उभे केले, आणि चांगल्या मुलींना चॅपल हिलखेरीज अनेक ठिकाणे मिळाली. शिवाय या संघाने घडविलेल्या मुलीच इतरत्र शिकवू लागल्या. हाइनरिक्स प्रशिक्षक होऊन प्रतिस्पर्धी विद्यापीठांत गेली आणि २००० साली राष्ट्रीय संघाची पहिली महिला मुख्य प्रशिक्षक झाली. चॅपल हिलचीच दुसरी एक खेळाडू, सिंडी पार्लो कोन, २०२० साली अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची अध्यक्ष झाली. गुरूची मक्तेदारी मोडण्यात शिष्यांचा वाटा मोठा होता. अजिंक्यपदांची संख्या कमी झाली ही त्यांची हार म्हणावी, तर ज्या कार्यासाठी ते झटले त्याची ती जीतच होती.

तरीही सारे श्रेय काळाला देता येत नाही. दार सर्वांसाठी एकाच दिवशी उघडले होते. ज्या विद्यापीठांजवळ अधिक पैसा होता, मोठी मैदाने होती, त्यांना १९७९ साली कोणी अडविले नव्हते. मुली पूर्ण ताकदीने झुंजू शकतात आणि त्यांना तसे झुंजू द्यावे, यावर कोणीतरी प्रथम विश्वास ठेवावयास हवा होता, तो तेथे ठेवला गेला. काळाने जागा करून दिली. त्या जागेत पंचेचाळीस हंगाम पाय रोवून उभे राहण्याचे काम माणसाने केले. ज्या मुलाचे बालपण एका देशातून दुसऱ्या देशात सामान बांधण्यात गेले, त्याने पुढे आयुष्यभर एक गाव सोडले नाही, याचे मला विशेष वाटते. २०१९ साली खुल्या झालेल्या नव्या मैदानाला विद्यापीठाने त्यांचेच नाव दिले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्यास काही दिवस उरले असताना, डॉरन्स निवृत्त झाले. त्यांचे सहकारी डेमन नाहस यांनी तात्पुरता कार्यभार घेतला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, बारा वर्षांच्या खंडानंतर, नॉर्थ कॅरोलायनाच्या मुलींनी अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला एका गोलाने हरवून अजिंक्यपद पुन्हा मिळविले. पद सोडल्यावर काम बिघडले म्हणजे आपले मोठेपण सिद्ध झाले, असे मानणारे अधिकारी आपण पाहिले आहेत. हे उदाहरण त्यांच्यासाठी नोंदवून ठेवतो.

हा लेख लिहिण्यास घरातही एक कारण घडले. आमच्या सरकारी वसाहतीच्या मैदानावर रोज संध्याकाळी मुलगे फुटबॉल खेळतात आणि मुली कठड्यावर बसून पाहतात. माझी नऊ वर्षांची कन्या एके दिवशी विचारू लागली, "बाबा, आम्ही कधी खेळायचं?" मला उत्तर सुचले नाही, अर्ज मात्र सुचला. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास मैदान मुलींसाठी राखून ठेवावे, अशी विनंती मी वसाहतीच्या समितीकडे केली. तिला आता दोन महिने होत आले. विषय विचाराधीन आहे असे कळते. कन्येने आपल्या वहीच्या मागच्या पानावर खेळू इच्छिणाऱ्या मुलींची नावे लिहायला घेतली आहेत. आजपर्यंत सात झाली आहेत. अकरा झाली, की स्मरणपत्र धाडायचे ठरले आहे.